डब्यावरचे वॉट

नातवाने साठवलेल्या पैशातून आरटीएक्स ३०६० आणले. जुना पॉवर सप्लाय चालेल, असे मीच म्हणालो. डब्यावर ४५० वॉट छापले होते. खेळ सुरू होताच संगणक बंद!

मंडळी, १९९५ साली एटीएक्स आले तेव्हा प्रोसेसरची वीज मुख्यतः ३.३ आणि ५ व्होल्टवरून येई. २००० सालच्या पेन्टियम ४ पासून भार १२ व्होल्टकडे सरकला. त्याच वर्षीच्या व्हूडू ५ ५५०० कार्डाला तर हार्ड डिस्कसारखी वेगळी तार जोडावी लागे. आमचा डबा जुन्या वळणाचा. १२ व्होल्टला फक्त १८ अँपिअर, म्हणजे २१६ वॉट. कार्डच १७० मागते. उरले ४६, त्यात प्रोसेसर!

कार्ड वाचले, हे नशीब. ५५० वॉटचा नवा सप्लाय माझ्या पेन्शनीतून.

"आजोबा, म्हणून तुम्ही इतिहास शिकवायचात," नातू म्हणाला.