आजीची गाठ

मागच्या उन्हाळ्यात आम्ही चार मराठी कुटुंबं कॅम्पिंगला गेलो होतो. रात्री पाऊस आला आणि तंबूवर ताणलेली ताडपत्री सुटून थेट खिचडीच्या पातेल्यात! दोन दोऱ्या जोडणारी गाठ मीच मारलेली. स्काऊटमध्ये जाणारा मुलगा टॉर्च रोखून म्हणाला, "बाबा, ही ग्रॅनी नॉट आहे!"

चुकलेल्या गाठीला आजीचं नाव? माझ्या आजीची गाठ तर कधी सुटली नाही! घरी आल्यावर चिडूनच वाचायला बसलो.

स्काऊटची मुलं सुरुवातीलाच शिकतात ती स्क्वेअर नॉट. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं की झाली ग्रॅनी. ब्रिटनमध्ये हिला रीफ नॉट म्हणतात. वारा वाढला की खलाशी शिडाचा काही भाग गुंडाळून या गाठीने बांधत आणि काम झालं की एक टोक ओढून सोडवत. त्याआधी ग्रीक-रोमन लोक हिला हर्क्युलिसची गाठ म्हणत. या गाठीने बांधलेली जखम लवकर भरते, असं पहिल्या शतकातल्या प्लिनीने लिहून ठेवलंय.

खलाशांची दुसरी लाडकी गाठ बोलाइन. १६२७ साली कॅप्टन जॉन स्मिथने आपल्या 'सी ग्रामर' या पुस्तकात तिचा उल्लेख केला. हा स्मिथ म्हणजे व्हर्जिनियातल्या जेम्सटाऊनचाच! पुढे बेडन-पॉवेल यांनी १९०८ च्या 'स्काऊटिंग फॉर बॉइज'मध्ये गाठींना जागा दिली आणि जहाजावरची विद्या शाळकरी पोरांच्या हातात आली. १९४४ मध्ये क्लिफर्ड अ‍ॅशले या अमेरिकन चित्रकाराने अकरा वर्षं खपून ३,८०० हून अधिक नोंदींचा ग्रंथ काढला. त्यात त्याने बजावलंय, की दोन दोर जोडायला रीफ नॉट वापरू नका. तिने बाकी सगळ्या गाठींपेक्षा जास्त बळी घेतलेत. म्हणजे मुलाची 'बरोबर' गाठसुद्धा त्या रात्री भरवशाची नव्हती! दोन दोऱ्या जोडायला शीट बेंड हवी.

आणि मग आजी आठवली. ती म्हणायची, "घागरीच्या गळ्यात फास हवा, गाईच्या गळ्यात फास नको." घागरीचा फास वजनाने आवळतो, म्हणून ती विहिरीत पडत नाही. गाईच्या गळ्यातला आवळला तर जीव जाईल. न आवळणारा फेरा हेच तर बोलाइनचं सगळं मर्म! आपल्या भाषेत निरगाठ आणि सुरगाठ असे वेगळे शब्द आहेत ते उगाच नाहीत. कुठली गाठ घट्ट राहायला हवी आणि कुठली चटकन सुटायला हवी, हे ठरवणं म्हणजेच गाठीचं शास्त्र.

आजी दाव्याला नेमकी कुठली गाठ मारायची, ते मी कधी नीट पाहिलं नाही. लहानपणी घाई असायची, आता विचारायला ती नाही. अ‍ॅशलेच्या ग्रंथात शोधून सापडणार थोडीच!

यंदा आकाशकंदिलाची दोरी मुलगा बांधणार आहे. मी शेजारी उभा राहून बघणार आहे, या वेळी अगदी नीट.