माळावरील लांडगा आणि सरकारी अभय

मुंबई सरकारने सांख्यिकीच्या कामावर नेमलेला विल्यम साइक्स हा लष्करी अधिकारी दख्खनमध्ये वर्षानुवर्षे हिंडला, आणि १८३१ साली येथील लांडग्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याने त्यास शास्त्रीय नाव दिले. हा प्राणी घाटातील रानांत नव्हे, तर उघड्या खडकाळ माळांवर विपुल आढळतो, ही नोंदही त्याने त्याच वेळी केली. पुढे लांडग्याविषयी सरकारदरबारी जे जे ठरले, त्यात नेमका या नोंदीचा विसर पडलेला दिसतो.

त्यानंतर पाचएक वर्षांतच गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांची नवी जमीनमोजणी इंदापूर तालुक्यातून सुरू झाली. आधीच्या मोजणीत प्रिंगलसाहेबाने बसविलेल्या जबर साऱ्याने तेथील रयत नाडली गेली होती व शेते ओस पडली होती. नव्या पद्धतीने सारा उतरवून तो तीस वर्षांपुरता कायम केला आणि ओस रान नांगराखाली आणण्यास उत्तेजन दिले. रयतेवर हा उपकारच झाला, त्यास दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, आणि पडीक म्हणजे निरुपयोगी, असा जो संस्कार महसुली दप्तरावर झाला तो पुढे पुसला गेला नाही.

लांडग्याच्या शिरावर तर इंग्रजी अमदानीत बक्षीसच होते. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत अशा बक्षिसांपायी हिंदुस्थानात दोन लाखांहून अधिक लांडगे मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. वाघाच्या शिकारीची छायाचित्रे दिवाणखान्यांत लागली. लांडग्याच्या वाट्याला तेवढीही प्रतिष्ठा आली नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हे सारे उलटे केले. लांडगा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघसिंहांच्या पंक्तीस बसला. लांडग्याच्या संरक्षणावरून आज जो वाद आहे, त्याचे मूळ या पंक्तीतच आहे. कलम ११ अन्वये या अनुसूचीतील प्राणी मनुष्याच्या जीवितास धोकादायक झाला, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगी असला, तरच त्याच्या शिकारीस परवानगी मिळू शकते. मालमत्तेची हानी हे कारण तेथे चालत नाही. उत्तर प्रदेशात १९९६ साली आणि पुन्हा २०२४ साली बहराइचकडे मुलांवर हल्ले झाले, तेव्हा जीविताचा प्रश्न उभा राहिला आणि बहराइचला अखेरचा उपाय म्हणून गोळी घालण्याची मुभाही मिळाली. दख्खनमधील तंटा निराळा आहे. येथे लांडगा धनगराच्या वाड्यावर येतो आणि वाघरीतून, म्हणजे जाळ्याच्या कुंपणातून, मेंढरू उचलतो. आणि मेंढरू ही कायद्याच्या भाषेत मालमत्ताच.

भरपाईची तरतूद आहे, नाही असे नाही. पण पंचनामा व्हावयाचा तर मेलेले जनावर दाखवावे लागते, आणि लांडगा ते पुष्कळदा मागे ठेवीत नाही. शिवाय आज या शिवारात तर उद्या पुढच्या मुक्कामी असणाऱ्या माणसाने अंमलदाराची वाट किती दिवस पाहावी? पूर्वी पिले असलेल्या बिळाच्या तोंडाशी विस्तव पेटवून हिशेब चुकता होई. आज तोच गुन्हा आहे. धनगराची तक्रार मला खोटी वाटत नाही. तथापि लांडग्याची अनुसूची उतरविल्याने ती मिटेल, हेही मला पटत नाही.

कारण कायद्याने लांडगा राखला, माळ राखला नाही. सोलापूर-नगरकडे १९७९ साली माळढोक या माळावरच्या पक्ष्याच्या नावाने ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य जाहीर झाले, त्यात गावेच्या गावे व खाजगी शेते आली, जमिनीचे व्यवहार अडले. अखेर ते १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. उलटपक्षी, १९८५ साली पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले, आणि गवताळ माळ वृक्षारोपणास काढण्याच्या जुन्या वृत्तीस नवे बळ मिळाले. साऱ्यासाठी जो माळ पडीक होता, तो आता झाडांसाठी पडीक ठरला. रोपे लावलेल्या क्षेत्रात चराईस बंदी होते, तेव्हा मेंढ्या बाहेर राहतात, आणि झाडोरा दाट झाला म्हणजे लांडगाही तेथून जातो. उरल्यासुरल्या कुरणात मग दोघांचीही गाठ अधिकच वारंवार पडते, आणि मेंढरू गेल्यावर धनगराने अर्ज करावयाचा तो त्याच वनखात्याकडे, ज्याने त्याचे रान बंद केले.