भीती कुठल्या भाषेत लिहायची?

आमच्या मराठवाड्यात दुसऱ्या भाषेची भीती ही वडिलोपार्जित इस्टेट आहे. जमीन वाटून वाटून दोन एकरांवर आली, पण ही भीती मात्र प्रत्येक पिढीला अख्खीच्या अख्खी मिळाली. फक्त भाषा बदलत गेली.

नांदेड आणि लातूर हे दोन्ही भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं व्यापारी गाव. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये.) १८८० च्या दशकात संस्थानाच्या कारभारातून फारसी गेली आणि उर्दू आली. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं. तिथे विज्ञान, वैद्यक, इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूत शिकवायचे, आणि पाश्चात्य पुस्तकं उर्दूत आणायला दारुल तर्जुमा नावाचं वेगळं खातंच होतं. इंग्रजी सोडून देशी भाषेत उच्च शिक्षण, हा प्रयोग म्हणून मोठाच होता. पण नांदेडच्या मराठी घरातल्या किंवा देगलूर-बिलोलीकडच्या तेलुगू घरातल्या पोराला ती 'देशी' भाषासुद्धा दुसरीच की हो! आईशी बोलायची भाषा एक, अर्ज लिहायची दुसरी. ही फूट अजून आपल्या कपाटांत पडून आहे. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद बाहेर काढावे लागले, आणि ते वाचणारे जाणकार शोधावे लागले. आपल्याच पणज्याचं नाव, आणि आपल्याला वाचता येत नाही.

आमच्या पिढीत उर्दूच्या जागी इंग्रजी आली, एवढंच. दहावीपर्यंत मराठी, अकरावीला सायन्स, म्हणजे एका उन्हाळ्यात भाषा बदलली. मी 'लातूर पॅटर्न'च्या जमान्यातला. पहाटेपासून क्लास, रविवारी टेस्ट, भिंतीवर रँक. एका क्लासमध्ये (नाव नको) उभं राहून उत्तर इंग्रजीतच द्यावं लागे. 'डिटर्मिन'चा 'डिटरमाइन' झाला की मागची दोन बाकं हसायची. नांदेड, लातूर, परभणीहून पुण्याला आलेल्या कुठल्याही इंजिनिअरला विचारा, त्याचा असा एक शब्द असतोच. तो पुढे कितीही मोठ्या पॅकेजवर गेला तरी मीटिंगमध्ये त्या शब्दाला वळसा घालून जातो. :)

माझी ही धडधड पुढे मीटिंगपुरती राहिली नाही. रात्री तीनला जाग येणं, छातीत ठोके, उद्याचा कॉल आजच शंभर वेळा डोक्यात होऊन जाणं. डॉक्टरांकडे गेलो, 'अँग्झायटी' असं नाव मिळालं, गोळ्या मिळाल्या, समुपदेशन सुरू झालं. तिथे कोणीतरी सुचवलं की लिहून बघा. मराठीत लिहायला बसलो तर दोन ओळींत घरचे आवाज सुरू. 'एवढं काय झालंय तुला? खायला-प्यायला कमी आहे का?' मग इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. त्यात 'मी' नव्हता. पावसाळ्यात पूर्णा जंक्शनवर गाडीची वाट बघणारा एक माणूस होता, आणि त्याला माझा आजार होता. साधी, तुटक वाक्यं. त्या रात्री झोप लागली.

आता मी पडलो इंजिनिअर. एखादी गोष्ट चालली की ती का चालली, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. ज्या भाषेने ठोके वाढवले, त्याच भाषेत ते कमी कसे झाले? आणि असं आधी कोणाचं झालंय का?

झालंय. आणि अगदी सुरुवातीलाच.

बोलून मन मोकळं करण्याच्या उपचाराला 'टॉकिंग क्युअर' म्हणतात. हा शब्द फ्रॉइडचा, असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण तो एका पेशंटचा आहे. व्हिएन्नातले डॉक्टर योसेफ ब्रॉयर डिसेंबर १८८० ते जून १८८२ एका तरुणीवर उपचार करत होते. आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता ती स्वतः आजारी पडली. झटके, भास, धास्ती. तिची मातृभाषा जर्मन, पण आजारपणात जर्मन तिच्या तोंडून निघेना. बराच काळ ती फक्त इंग्रजीत बोलत होती. संध्याकाळी ब्रॉयर यायचे आणि ती त्यांना गोष्टी सांगायची. रचलेल्या, परीकथेच्या वळणाच्या. ब्रॉयर यांनी नोंदवलंय की बहुतेक गोष्टींची सुरुवात एकाच चित्राने व्हायची: आजारी माणसाच्या उशाशी काळजीत बसलेली एक मुलगी. गोष्ट सांगून झाली की तिला शांत वाटायचं. या प्रकाराला तिनेच इंग्रजीत नाव दिलं, 'टॉकिंग क्युअर'. गमतीने 'चिमनी स्वीपिंग', म्हणजे धुराडं साफ करणं, असंही म्हणायची.

म्हणजे बघा, मानसोपचाराच्या अगदी उगमाशी तीन गोष्टी एकत्र दिसतात: चिंता, रचलेली कथा आणि दुसरी भाषा. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या पुस्तकात ही केस 'ॲना ओ.' या नावाने छापली गेली. तिचं खरं नाव बर्था पापेनहाइम. पुस्तकात ती बरी झाल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात १८८२ नंतरही तिला सॅनिटोरियममध्ये राहावं लागलं. हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर 'गोष्ट लिहा, आजार घालवा' असा फॉरवर्ड तयार व्हायचा. पुढे मात्र ती उभी राहिली. १८९० मध्ये तिचा कथासंग्रह आला, टोपणनावाने, पण जर्मनमध्ये. १९०४ मध्ये तिने जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना काढली. गेलेली भाषा परत आली होती.

हे का होतं यावर बऱ्याच नंतर प्रयोग झाले. २००३ मध्ये कॅथरिन हॅरिस आणि तिच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. मातृभाषा तुर्की आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवायचे, दाखवायचे आणि बोटांवरच्या घामाचा बारीक फरक मोजायचा. लहानपणी मोठी माणसं ओरडतात ती वाक्यं, 'लाज नाही वाटत?' या छापाची, तुर्कीत ऐकली की अंग जास्त ताठ होई. तीच इंग्रजीत ऐकली की कमी. मातृभाषेत शब्दाला वास असतो, हात असतो, कधी कधी त्या हातात चप्पलही असते. दुसऱ्या भाषेत नुसता अर्थ येतो.

लिहिण्याबद्दलचा प्रसिद्ध प्रयोग जेम्स पेनेबेकरचा, १९८६ चा. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक प्रसंगाबद्दल लिहायचं. लिहिल्या लिहिल्या त्यांना जास्तच वाईट वाटलं. पण प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या चकरा पुढच्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतर असे शंभरावर प्रयोग झाले, आणि सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर फायदा खरा, पण छोटा निघतो. म्हणजे हे औषधाला पर्याय नाही. मी लिहितो आणि गोळीही घेतो.

आणि साहित्यात? सॅम्युएल बेकेट बघा. छातीतली धडधड आणि रात्रीची घबराट यांमुळे तो १९३४-३५ मध्ये लंडनला विल्फ्रेड बायॉन यांच्याकडे उपचार घेत होता. मातृभाषा इंग्रजी. महायुद्धानंतर त्याने कादंबऱ्या फ्रेंचमध्ये लिहायला घेतल्या. तिथे शैलीशिवाय लिहिणं सोपं जातं, असं काहीसं कारण त्याने दिल्याचं नोंदलेलं आहे. शैली म्हणजे ऐकून ऐकून अंगात मुरलेले दुसऱ्यांचे आवाज, असा मी त्याचा अर्थ लावतो. माझा अर्थ आहे, जाणकारांनी हसू नये.

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं: दुसरी भाषा अंतर देते, अंतरामुळे लिहिता येतं. पण आपल्या मुलखातला एक माणूस हे समीकरण उलटं करतो. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १९१३ चा, परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचा. मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण हैदराबादला, मग परभणीला बांधकाम खात्यात कारकुनी. निजामाच्या राज्यात सरकारी नोकर, आणि बाकीच्या वेळात मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या. घुसमटलेली मध्यमवर्गीय माणसं त्यांच्या लेखनात भेटतात. १९५३ मध्ये, चाळिशीत, ऑफिसात काम करता करताच ते गेले. त्यांच्यासाठी दुसरी भाषा ही सरकारची, फाईलची. गोष्टीसाठी त्यांनी घरची भाषा घेतली.

मग अंतराचं काय? मला वाटतं, पहिली की दुसरी हा प्रश्नच नाही. त्या भाषेत आपल्याला मार्क देणारा कोणी बसलाय का, हा प्रश्न आहे. बी. रघुनाथांच्या काळात मार्क देणारा उर्दूत बसायचा, त्यामुळे मराठी मोकळी होती. माझे मार्क देणारे दोन्हीकडे बसलेत. इंग्रजीत क्लासचे सर आणि अप्रेझल, मराठीत अख्खं नातेवाईक मंडळ. फरक एवढाच की इंग्रजीतल्या परीक्षकाला माझ्या भीतीत रस नाही, त्याला फक्त उच्चार आणि डेडलाईन कळते. गोष्ट लिहिताना उच्चार लागत नाही, आणि डेडलाईनही नसते. परीक्षकाची खुर्ची रिकामी होते, भाषा मात्र हातात राहते.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण लातूरचंच आहे. लक्ष्मण गायकवाड, लातूर तालुक्यातल्या धनेगावचे. १९८७ मध्ये त्यांचं 'उचल्या' आलं, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. हे आत्मकथन आहे, काल्पनिक नाही, आणि त्यांनी ते उपचार म्हणून लिहिलं असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांची लढाई सामाजिक होती, आहे. पण भीती आणि भाषा यांच्याबद्दल मला त्या पुस्तकाने जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या प्रयोगाने नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती 'गुन्हेगार' ठरवायला सुरुवात केली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. पोलिस केव्हाही दारात, झडती, मारहाण, ही त्या घरातली रोजची भीती. पोरगा शाळेत गेला तर जमातीलाच वाटलं की त्याच्या शिकण्याने आपली पोरं आजारी पडतायत. म्हणजे शाळेची भाषा घरालाही भीतीची, आणि पंचनामा लिहिणाऱ्याची भाषाही तीच. गायकवाडांनी नेमक्या त्याच मराठीत लिहिलं, आणि जमातीच्या धंद्यातले, बोलीतले शब्द त्यात तसेच ठेवले. ज्या भाषेत त्यांच्या लोकांबद्दल दुसरे लिहीत होते, त्या भाषेत आता लिहिणारे ते होते.

माझी धडधड आणि त्यांची भीती यांची तुलना होऊच शकत नाही. माझ्या दारात रात्री येतो तो फार तर प्रॉडक्शनचा अलर्ट. पण रीत तीच दिसते. भीती घालणारी भाषा टाळत राहिलं तर ती मोठी होत जाते. तिच्यात उत्तरं देत राहिलं तरी मार्क दुसऱ्याच्याच हातात राहतात. तिच्यात गोष्ट सांगितली की गाडी कधी सुटणार, कोण बोलणार आणि कोण गप्प बसणार, हे आपण ठरवतो. रात्री तीन वाजता ज्या माणसाच्या हातात काहीच नसतं, त्याला एवढं ठरवायला मिळणं ही लहान गोष्ट नाही.

आणि पापेनहाइमबाईंकडून घ्यायची आणखी एक गोष्ट आहे: दुसरी भाषा ही मुक्कामाची जागा, कायमचं घर नव्हे. माझ्या पूर्णा जंक्शनच्या गोष्टीत पाचव्या पानावर त्या माणसाला आईचा फोन येतो. तिथे इंग्रजी अडली. आईला इंग्रजीत बोलवता येईना, तिचं पहिलं वाक्य मराठीतच आलं, 'पोचलास का रे?' तेवढं तसंच देवनागरीत ठेवलंय. अजून पुढचं उत्तर लिहिलेलं नाही. पण ते मराठीत असणार, हे नक्की.

तुमच्यापैकी कोणाला रात्री तीनचा हा प्रकार ओळखीचा असेल, तर आधी डॉक्टर गाठा, आणि मग ज्या भाषेत तुम्हाला कोणी हसत नाही त्या भाषेत एक माणूस उभा करा. हिंदी चालेल, इंग्रजी चालेल, नांदेडच्या चौकातली दखनी तर पळेल. व्याकरण चुकलं तर चुकू द्या. इथे टेस्ट नाही.