परक्या किनाऱ्यावरील सेवा

समुद्रकिनाऱ्याचें रक्षण हा आज साऱ्या जगाच्या चिंतेचा विषय झाला आहे. सोळा-सतरा वर्षांचीं मुलें-मुली सुटीच्या दिवसांत आपला देश सोडून दूरच्या किनाऱ्यावर जातात, तेथें कांदळवनांत रोपें लावतात, कासवांच्या घरट्यांवर पहारा करतात, वाळूंतील प्लास्टिक वेंचतात आणि महिन्या-पंधरवड्यानें घरीं परततात. या उपक्रमाचें कौतुक करणारे जसे आहेत, तसेच ती श्रीमंतांच्या मुलांची हौस आहे असें म्हणून नाक मुरडणारेही आहेत. निकाल देण्यापूर्वीं दोन्ही पक्षांनीं इतिहासाची साक्ष काढणें इष्ट होईल. त्या साक्षीसाठीं फार लांब जावयास नको. पनवेलच्या खाडीपासून आरंभ करतां येईल.

पनवेल तालुक्यांतील ओवे हें गांव आज खारघर नगराच्या वस्तीनें वेढलें गेलें आहे. एका अंगास टेकड्या व दुसऱ्या अंगास तळोजें-पनवेलच्या खाडीकडे उतरत जाणारा सखल प्रदेश, अशी या भागाची ठेवण आहे. आज रस्ते व उंच इमारती दिसतात, त्या टापूंत एके काळीं भातशेती होती. आणि खाडीलगतची शेती तर निसर्गानें दिलेली नव्हे, माणसांनीं समुद्रापासून झगडून मिळविलेली होती. जुन्या कुलाबा जिल्ह्यांत अशा जमिनीस खार म्हणत, व तिच्या सलग पट्ट्यास खारेपाट.

खार तयार करण्याची रीति साधी, पण कष्टाची. खाडीच्या चिखलाचा एक लांब बांध भरतीच्या रेषेवर घालावयाचा व पावसाचें पाणी बाहेर जाण्यासाठीं त्यांत उघाडी ठेवावयाची. उघाडीची झडप ओहोटीच्या वेळीं आंतल्या पाण्याच्या दाबानें उघडते व भरती येतांच बाहेरच्या दाबानें आपोआप मिटते. पुढें कांहीं पावसाळे जमिनींतील मीठ धुऊन नेतात, आणि मग त्या मातींत राता नांवाचें तांबडें भात येऊं लागतें. बांधाच्या बाहेरील तिवरांची झाडी लाटांचा पहिला मार आपल्या अंगावर घेते. शेत व कांदळवन यांचें वैर आहे, अशी समजूत अलीकडील आहे. बांधावर राहणाऱ्याला तीं दोन्ही हवीं असत.

बांधाचा शत्रु म्हणजे उधाण. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला खेंकड्याच्या बिळाएवढी वाटही पुरते. एका रात्रींत तिची खांड होते, आणि खारें पाणी शेतांत पसरलें कीं पुढील कांहीं हंगामांवर पाणी पडतें. म्हणून खारेपाटांत जोळ नांवाची चाल पडली. ज्यांचीं शेतें त्या बांधाच्या आश्रयाला असतील, त्या सर्वांनीं अंगमेहनतीनें बांध राखावयाचा. खांड पडल्याची हांक आली म्हणजे घरटीं माणूस बाहेर पडे. मिसरूड न फुटलेलीं पोरेंही चिखलाचीं ढेंकळें हातोहात देत उभीं राहत. त्या कामाला कोणी सेवा म्हणत नसे, प्रशस्तिपत्र देत नसे; पण जगांतील किनारा-रक्षणाच्या कोणत्याही शिबिराच्या तोडीचें तें काम होतें.

तथापि या चित्राला दुसरी बाजूही आहे. जुन्या काळीं ज्यांनीं पदरचा पैसा घालून मोठे बांध घातले, त्यांस शिलोत्रदार म्हणत, व बांध राखण्याच्या मोबदल्यांत त्यांना सरकारी साऱ्याखेरीज निराळें भात मिळे. कालांतरानें कित्येक ठिकाणीं भात घेणारा एक आणि चिखलांत उतरणारा दुसरा, अशी स्थिति झाली. अलिबागजवळच्या चरी व आसपासच्या गांवांतील कुळांनीं १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं खोतांची जमीन न कसण्याचा निश्चय केला. तो संप १९३९ पर्यंत चालला. या काळांत कुळांनीं लांकूडफाटा विकून व मिळेल ती मजुरी करून दिवस काढले, पण नांगर धरला नाहीं. खोती नष्ट करण्याचें विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत मांडलें, त्यामागें कोंकणांतील कुळांची हीच गाऱ्हाणीं होतीं. श्रमाला हक्काची जोड नसेल तर श्रम करणाराचें मन त्यांतून उडतें, हा चरीच्या संपाचा धडा आहे, व पुढील विवेचनांत तो उपयोगीं पडणार आहे.

आतां परदेशीं जाऊन सेवा करण्याची कल्पना कोठून निघाली तें पाहूं. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० सालीं, पियेर सेरेसोल या स्विस एंजिनिअरानें फ्रान्समधील वर्दूं शहराजवळच्या एन या उद्ध्वस्त गांवीं एक लहानसें श्रमशिबिर उघडलें. ज्या देशांच्या सैनिकांनीं तें गांव धुळीला मिळविलें, त्याच देशांच्या माणसांनीं येऊन तें उभारावें, अशी त्याची योजना होती. त्यामुळें शिबिरांत जर्मनही होते. काम चांगलें झालें, परंतु जर्मनांचे हात आपल्या गांवाला लागावेत हें तेथील अधिकाऱ्यांना व पुष्कळ लोकांना सहन झालें नाहीं, आणि कांहीं महिन्यांतच शिबिर आटोपावें लागलें. सेवकांच्या हेतूंत खोट नव्हती; पण यजमानाच्या मनाची तयारी पाहिल्यावांचून पाहुण्याचा सद्भावही वायां जातो, हें पहिल्याच प्रयोगांत दिसून आलें.

हाच सेरेसोल पुढें हिंदुस्थानांत आला. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर सेरेसोल व त्याचे मोजके युरोपीय सोबती मुझफ्फरपूरच्या बाजूस येऊन राहिले. भूकंपानें भूमीची पातळी बिघडून नद्यांच्या पुराचें भय वाढलें होतें. म्हणून सखल जागेंतील गांवें उंचवट्यावर वसविण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. या वेळीं त्यांनीं राजेंद्रप्रसादांसारख्या स्थानिक पुढाऱ्यांशीं विचारविनिमय केला, ग्रामस्थांबरोबर टोपल्या उचलल्या, व हें काम १९३७ पर्यंत चालू ठेवलें. एन येथें जें साधलें नाहीं तें बिहारांत बऱ्याच अंशीं साधलें, याचें कारण उघड आहे: येथें पाहुणा यजमानाच्या हांकेला धांवला होता व त्याच्या सल्ल्यानें चालत होता.

विशीच्या आंतल्या मुलांना परदेशीं धाडण्याचा पद्धतशीर उद्योग मात्र इंग्लंडांत सुरू झाला. अलेक डिक्सन व त्यांची पत्नी मोरा यांनीं १९५८ सालीं शाळा संपवून विद्यापीठांत जाण्याच्या बेतांत असलेल्या अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांना एक वर्षासाठीं दूरच्या देशांत पाठविण्यास प्रारंभ केला. सक्तीची लष्करी नोकरी बंद होण्याच्या मार्गावर होती, आणि तरुणांच्या अंगच्या रगेला दुसरें कांहीं वळण हवें होतें. योजना लोकप्रिय झाली. पुढें मात्र यजमान देशांना उत्साही मुलांपेक्षां शिकलेले शिक्षक, परिचारिका व कारागीर यांची गरज अधिक भासूं लागली, आणि काळाच्या ओघांत त्या संस्थेनें शाळकरी मुलें पाठविण्याचें सोडून दिलें. त्याहूनही लक्षणीय गोष्ट ही, कीं १९६२ सालीं डिक्सन दांपत्यानें दुसरी संस्था काढली ती तरुणांनीं स्वदेशांतच सेवा करावी म्हणून. परदेशसेवेचा आद्य पुरस्कर्ता चारच वर्षांत आपल्या दाराशीं परत आला!

किनाऱ्याचें काम या प्रवाहांत थोडें मागाहून मिसळलें. कोस्टा रिका देशांतील तोर्तुगेरो किनाऱ्यावर आर्ची कार या प्राणिशास्त्रज्ञानें समुद्री कासवांचा अभ्यास चालविला होता; त्याला आधार म्हणून १९५९ सालीं एक संस्था निघाली, व पुढें देशोदेशींचे विद्यार्थी तेथें रात्रीच्या गस्तीला येऊं लागले. अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत १९८६ सालीं किनारा साफ करण्याची जी मोहीम झाली तींत सुमारें २८०० लोक होते. त्यांनीं केवळ घाण उचलली नाहीं. प्रत्येक वस्तूची कागदावर नोंद केली. उचललेला केर पुढच्या भरतीला परत येतो. पण तो कोठून येतो हें नोंदीवरून कळलें तर त्याचें मूळ बंद करण्याचा विचार तरी सुरू होतो. मद्रासच्या विद्यार्थ्यांनीं १९८८ सालीं आपलें कासव-रक्षक मंडळ काढलें, तें आपल्याच शहराच्या किनाऱ्यासाठीं.

महाराष्ट्रांतही या वृत्तीची परंपरा आहे. राष्ट्र सेवा दलाची १९४१ सालीं एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखालीं नवी उभारणी झाली, आणि साने गुरुजींच्या शब्दांनीं भारलेलीं मुलें-मुली श्रमदानाला बाहेर पडलीं. ‘चले जाव’ ही घोषणा ज्यांच्या नांवाशीं निगडित आहे, त्या युसूफ मेहेरअली यांच्या स्मरणार्थ १९६१ सालीं केंद्र स्थापन झालें. पनवेल तालुक्यांतील तारा गांवीं त्याचें ग्रामीण कार्य रुजलें. बाबा आमटे यांनीं १९६७ सालीं चांदा जिल्ह्यांतील सोमनाथ येथें तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. २४ सप्टेंबर १९६९ रोजीं सरकारनें ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना आरंभिली. पाठीवर वळकटी टाकून अनोळखी गांवीं जावें व कुदळ हातीं घ्यावी, हें मराठी तरुणाला नवें नाहीं.

इकडे पनवेलच्या खाडीकांठचें जीवनच पालटत होतें. १७ मार्च १९७० रोजीं सिडको ही संस्था स्थापन झाली. नव्या मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी संपादनाखालीं आल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं आंदोलन उभें राहिलें. जानेवारी १९८४ मध्यें जासई परिसरांत झालेल्या गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याची योजना आली. ज्या आगरी कुटुंबांनीं पिढ्यान् पिढ्या बांध राखले त्यांच्या हातून शेत गेलें, आणि शेत गेल्यावर जोळीला अर्थ उरला नाहीं. जेथें शेतें राहिलीं तेथेंही बांधांची जबाबदारी १९४८ व १९७९ सालच्या खारजमिनींच्या कायद्यांनीं सरकारकडे सरकत गेली होती. बांध सर्वांचा राहिला नाहीं, खात्याचा झाला.

याच सुमारास कांदळवनाची किंमत शहराला कळूं लागली. १९९१ सालीं किनारपट्टीच्या नियमनाची अधिसूचना निघाली. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळून मुंबई बुडाली, आणि त्याच वर्षाच्या ६ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयानें राज्यांतील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली. २०१२ सालीं सरकारनें कांदळवनांसाठीं स्वतंत्र कक्ष उघडला. हें सर्व आवश्यकच होतें. पण यांतून एक विचित्र पेंच उत्पन्न झाला. खारेपाटांत जेथें खांडी वेळेवर बुजल्या नाहींत तेथें शेतांत खाडीचें पाणी खेळूं लागलें, त्याबरोबर तिवराचें बीं आलें, आणि पाहतां पाहतां शेताचें कांदळवन झालें. आतां तें तोडणें गुन्हा. सात-बाराच्या उताऱ्यावर भातशेती, डोळ्यांसमोर जंगल! उलट, पनवेलला विमानतळ करावयाचा ठरला तेव्हां रीतसर परवानगी घेऊन कांदळवन हटविण्यांत आलें व उलवे नदीचा प्रवाहही वळविण्यांत आला. लहान शेतकऱ्याला नियम आणि मोठ्या कामाला परवाना, असा हा न्याय कांठावरच्या माणसाला दिसतो. मग त्याला कांदळवनाविषयीं प्रेम कसें वाटावें?

अशा किनाऱ्यावर परदेशांतून वा शहरांतून आलेला मुलगा रोप लावण्यास वांकतो, तेव्हां त्याला यांतील कांहींच ठाऊक नसतें. ‘पी हळद नि हो गोरी’ अशी त्याची अपेक्षा असल्यास दोष त्याच्या वयाचा नाहीं, त्याला पाठविणाऱ्या वडीलधाऱ्यांचा आहे. रोप लावण्याचें कामही दिसतें तितकें निरुपद्रवी नसतें. ओहोटीला उघडा पडणारा चिखल म्हणजे पडीक जागा नव्हे. रोहित व इतर पाणपक्षी त्यावर पोट भरतात. भलत्या चिखलांत भलत्या जातीचें रोप खोंचलें तर तें बहुधा मरतें, आणि जगलेंच तर पक्ष्यांचें ताट हिरावून घेतें. भरतीच्या पाण्याचा मार्ग मोकळा केला व बीजाचें झाड जवळ असलें, तर तिवर पुष्कळदां आपणहून उगवतो. कोणता चिखल कोणाचा, हें जन्मभर खाडींत जाळें टाकणारा कोळी-आगरी जाणतो. त्याला विचारणें हा या सेवेचा पहिला पाठ असला पाहिजे.

याचें उत्तम उदाहरण कोंकणांतच घडलें आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र संस्थेनें २००२ सालीं कासवांच्या अंड्यांचें रक्षण सुरू केलें. पूर्वीं अंडीं उकरून नेली जात. संस्थेनें ग्रामस्थांनाच राखणदार केलें, आणि पुढें पिल्लें समुद्रांत जातांना पाहण्यास येणाऱ्या लोकांची राहण्या-जेवण्याची सोय गांवांतील घरांतच होऊं लागली. शहरांतील मुलें तेथें येतात तीं पाहुणीं म्हणून. किनाऱ्याचा धनी वेळासकरच राहतो. कासव जिवंत असण्यांत गांवाचें हित आहे, म्हणून तें रक्षण टिकलें.

चरी, एन, बिहार व वेळास यांची साक्ष एकच आहे. परका तरुण किनारा वांचवीत नाहीं. किनारा वांचवितो तो तेथें राहणारा, आणि तोही त्याचा त्यावर हक्क असेल तोंवरच. मग दूरदेशीं जाणाऱ्या मुलांचा प्रवास व्यर्थ समजावा काय? मुळींच नाहीं. अनोळखी माणसांच्या हाताखालीं काम करण्यानें जें शिक्षण होतें तें पुस्तकानें होत नाहीं. फक्त त्या शिक्षणाला सेवा म्हणावयाचें असेल, तर परत आल्यावर तें वापरलें पाहिजे. सातासमुद्रांपलीकडचें कांदळवन पाहून आलेल्या मुलानें आपल्या घराखालचा नाला कोणत्या खाडीस मिळतो, त्या खाडीवर कोणाचें पोट आहे आणि त्यांचीं शेतें कोठें गेलीं, एवढें जरी शोधून काढलें, तरी त्याच्या प्रवासाचा खर्च सार्थकीं लागला असें म्हणावें. खारघर-पनवेलच्या मुलांना त्यासाठीं ओव्यापासून खाडीपर्यंत पायीं जाणेंही पुरे आहे. वाटेंत एखादा वृद्ध आगरी भेटला, तर त्याला जोळीविषयीं विचारावें. तें सांगणारीं माणसें आतां थोडींच उरलीं आहेत.