नाटकातली भाषा आणि बोलणाऱ्याची बाजू

जुन्या संस्कृत नाटकांत कोणी कोणत्या भाषेत बोलायचे, हे बुद्धीवर नव्हे, जागेवर ठरत असे. राजा आणि मंत्री संस्कृतात बोलत. राणी, दासी आणि चाकर प्राकृतात. कालिदासाची उर्वशी ही स्वर्गातली अप्सरा, पण तीही प्राकृतच बोलते. तिचा प्रियकर पृथ्वीवरचा राजा, तो मात्र संस्कृत. अद्भुताच्या राज्यात माणूस आकाशात उडू शकतो. ही शिस्त मात्र सहसा मोडत नाही.

ती मोडते कोठे? आठव्या शतकातल्या भवभूतीचे 'मालतीमाधव' पाहा. भवभूती विदर्भातला, आणि त्याचा नायक माधव कुंडिनपूरचा, म्हणजे वर्धेकाठचे आपले कौंडिण्यपूर. मालती घरात वाढलेली, म्हणून ती प्राकृत बोलते. परंतु दोघांच्या वडिलांबरोबर शिकलेली भिक्षुणी कामंदकी संस्कृत बोलते. मालतीचा बळी देऊ पाहणाऱ्यांची साथीदार, आकाशमार्गाने फिरणारी कपालकुंडला, तीही संस्कृतच बोलते. एक सज्जन, दुसरी क्रूर. पण दोघींनी घर सोडून पंथ धरलेला. बाईला मानाची भाषा मिळाली ती बाई म्हणून नव्हे, पंथाची म्हणून.

पुढे इ. स. ९०० च्या सुमारास राजशेखराने 'कर्पूरमंजरी' रचली. तिच्यात भैरवानंद नावाचा मांत्रिक एका राजकन्येला मंत्रबळाने दरबारात आणतो. ती ज्या वत्सगुल्म नगरीत विदूषकाला दिसली होती, ते आपले वाशीम, १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातले. या नाटकात राजासुद्धा प्राकृतच बोलतो. संस्कृत कठोर व प्राकृत कोमल, पुरुष आणि स्त्री यांच्यासारखे, असे कारण राजशेखर देतो. म्हणजे जुनी समजूत त्यालाही सुटली नाही. तरी सर्वांची भाषा एक होताच काय घडते? राणीची दासी विचक्षणा आणि ब्राह्मण विदूषक कपिंजल यांच्यात कवितेची चढाओढ लागते. दासी जिंकते, आणि विदूषक रागाने निघून जातो.

मी शाळेत फारसा शिकलो नाही. हे सारे मी भाषांतरांतून वाचले. पण ते वाचताना मला आमच्या युनियनच्या सभा आठवल्या. जिनिंगमधल्या बाया आपसात बोलत तेव्हा मजुरीचा हिशेब पै-पैशाने मांडत. साहेबापुढे त्याच बाया 'होय जी' म्हणून गप्प बसत. इतिवृत्त लिहिणारा मी. 'महिला कामगारांनी पाठिंबा दिला' एवढेच मी छापील मराठीत लिहीत असे. त्यांचा हिशेब कधी लिहिला नाही. तो दोष माझाच.

विचक्षणेची बुद्धी त्या दिवशी नव्याने जन्मली नव्हती. सर्वांना एका भाषेत बोलू दिले, म्हणून ती दरबाराला ऐकू आली. आपल्या सभांत आपण एवढे तरी करावे: बोलणाऱ्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे.