प्रक्षालन, ख्रिस्ती

ख्रिस्ती उपासनेतील पाण्याने धुण्याचे विधी व त्यांमागील आत्मिक शुद्धीची कल्पना. स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा, चर्चच्या दारातील पवित्र पाणी, मिस्सेत धर्मगुरूने बोटे धुणे आणि पवित्र गुरुवारी पाय धुणे हे त्यांतील मुख्य. मुळे ज्यू शुद्धिस्नानांत आहेत, पण शुभवर्तमानांनी रोख बदलला. मार्कच्या सातव्या अध्यायात शिष्य हात न धुता जेवतात म्हणून वाद उठतो, तेव्हा येशू विटाळाचा उगम माणसाच्या अंतःकरणात दाखवतो. पेत्राच्या पहिल्या पत्रानेही बाप्तिस्म्याला अंगाचा मळ काढण्यापासून वेगळे केले आहे. ही शुद्धी पाण्याच्या पावित्र्यावर किंवा देणाऱ्याच्या सोवळेपणावर अवलंबून नाही, हे तिचे खरे वेगळेपण. भारतीय वाचकाला ते चटकन जाणवत नाही, कारण पाणी, स्नान आणि शुचिर्भूतता यांची सांगड इथे आधीच पक्की आहे.

मुंबईच्या मढ परिसरात शुद्धीच्या या दोन्ही कल्पना शेजारी नांदतात. एरंगळच्या किनाऱ्यावर सेंट बोनाव्हेंचर हे पोर्तुगीज काळातील चर्च आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथे जत्रा भरते. ट्रेंट परिषदेनंतर 1566 मध्ये निघालेल्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार समुद्र, नदी, तळे, विहीर, झरा यांपैकी कोणतेही नैसर्गिक पाणी बाप्तिस्म्याला चालते, म्हणजे चर्चसमोरचे खारे पाणीसुद्धा. उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती लग्नात मात्र ‘उंबराचे पाणी’ लागते. लग्नाच्या आदल्या दिवशी नातेवाईक वाजतगाजत विहिरीवर जातात आणि तिथून आणलेल्या पाण्याने नवऱ्याला किंवा नवरीला न्हाऊ घालतात. इथे विहीर, मिरवणूक, सोयरे सगळे ठरलेले. बाप्तिस्म्यासाठी पाणी खरे पाणी असले की झाले. एवढेच नव्हे, जिवावर बेतलेल्या प्रसंगी योग्य हेतू असलेली कोणीही व्यक्ती, स्वतः बाप्तिस्मा न घेतलेलीही, तो देऊ शकते असा कॅथलिक धर्मकायदा सांगतो. मढमधल्या एखाद्या हिंदू कोळी सुईणीने मरणासन्न बाळाला समुद्राच्या पाण्याने दिलेला बाप्तिस्माही या नियमाने वैध ठरेल. चौथ्या-पाचव्या शतकांत उत्तर आफ्रिकेतल्या दोनातवाद्यांनी भ्रष्ट धर्मगुरूंचे संस्कार नाकारले, तेव्हा ऑगस्टीनने उत्तर दिले की संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या चारित्र्याने तो बाटत नाही.

यावर आक्षेप असा की, चर्चच्या दाराशी बोटे ओली करणारा भाविक स्वतःला शुद्धच करून घेत असतो. वरवर तसे दिसते. पण कॅथलिक समजुतीनुसार हे पाणी पूर्वी झालेल्या बाप्तिस्म्याची आठवण जागवते. बाप्तिस्मा मात्र पुन्हा घेता येत नाही, आणि निकाया-कॉन्स्टँटिनोपल श्रद्धाघोषणेतही एकाच बाप्तिस्म्याची कबुली आहे. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: विटाळ अंतःकरणातला असेल, तर ख्रिस्ती समाजात जात कशी टिकली? गोव्याच्या कॅथलिकांत बामण, चारडो, सुदिर हे भेद उघड आहेत. प्रतीकाचा अर्थ आपोआप समाजाचे आचरण होत नाही, हे मान्य करावेच लागते. पण त्या भेदाला आधार संस्कारात सापडत नाही. तिन्ही गटांतल्या मुलांना एकाच विधीने बाप्तिस्मा मिळतो. ‘उंबराचे पाणी’ ही हिंदू खूण म्हणून टाकून द्यावी, हेही यातून निघत नाही. 1736 मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने ख्रिस्ती वधूवरांना हळद, खोबरेल, तांदळाचे पीठ लावण्यावर बंदी घातली; तरी वधूवरांना लावायचा नारळाच्या रसाचा ‘रोस’ आजही गोव्यातल्या लग्नांत लागतो. विवाहाची वाट सुकर व्हावी म्हणून केलेले न्हाणे आणि पापमुक्तीचा संस्कार यांच्यात ज्यांनी वैर पाहिले, त्यांनी दोन्ही पाण्यांना एकच काम लावले.

पवित्र गुरुवारी ख्रिस्ती शुद्धीचा हा वेगळा अर्थ आणखी स्पष्ट होतो. योहानच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो. पेत्र आधी नकार देतो आणि मग हात-डोकेही धुवायला सांगतो, तेव्हा ज्याची आंघोळ झाली आहे त्याला पाय धुतले की पुरे, असे उत्तर मिळते. इथे धुणारा गुरू आहे आणि धुतले जाणारे शिष्य. सोवळ्याची उतरंड उलटी होते. रोमन विधीत पाय धुण्यासाठी केवळ पुरुष निवडण्याचा नियम 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयाने बदलला, आणि स्त्रियांनाही त्यात स्थान मिळाले.