मज्जारज्जूची इजा: उचलण्यापासून घरच्या काळजीपर्यंत

आंबे काढताना झाडावरून पडलेला किंवा रात्री दुचाकीवरून घसरलेला माणूस "कंबरेखाली काही कळतच नाही" म्हणतो, तेव्हा प्रश्न फक्त मोडलेल्या हाडाचा नसतो. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. ही बोटाएवढ्या जाडीची नसांची दोरी मेंदूपासून कंबरेच्या वरच्या भागापर्यंत असते. मेंदूचे हुकूम खाली जातात आणि स्पर्श, वेदना वर पोहोचतात, त्या याच दोरीतून. मणका मोडूनही मज्जारज्जू शाबूत राहू शकतो. मात्र शाबूत राहिलेला मज्जारज्जू चुकीच्या उचलण्याने दुखावूही शकतो.

उचलण्याआधी

पडलेल्याला बसवू नका, उभे करून पाहू नका, दोघांच्या मध्ये दुचाकीवर तर कधीच नेऊ नका. (गावात हे अजूनही होते, घाई असते आणि दुचाकी दारातच असते.) १०८ ला फोन करा, ही रुग्णवाहिका मोफत आहे. ती येईपर्यंत डोके दोन्ही हातांनी स्थिर धरा. पाणी पाजू नका. माणूस बेशुद्ध असेल तर आधी श्वास पाहा. श्वास बंद असेल तर मानेची काळजी दुसरी. पाणी, आग किंवा वाहतुकीमुळे हलवावेच लागले, तर चार-पाच जणांनी डोके, खांदे, कंबर, पाय एका रेषेत ठेवून त्याला एकदमच कुशीवर वळवावे आणि खाली सपाट फळी सरकवावी. दाराची फळी चालेल, झोळ पडलेली बाज नको.

रुग्णालयात

इजा मानेत असेल तर हात-पाय दोन्ही जाऊ शकतात, फार वर असेल तर श्वासही. पाठीत असेल तर हात वाचतात, पाय आणि लघवी-संडासवरचा ताबा जातो. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी मणक्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अनेकांना नागपूर गाठावे लागते, म्हणजे रस्त्याने दीडशे किलोमीटरहून जास्त. खर्चासाठी रुग्णालयातील महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला लगेच भेटा.

"ऑपरेशननंतर चालेल ना?" हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न. शस्त्रक्रिया मज्जारज्जूवरचा दाब काढते आणि मणका स्थिर करते. तुटलेल्या नसा ती जोडत नाही. करायची ठरली तर लवकर, शक्यतो २४ तासांत झालेली बरी. सुरुवातीचे काही दिवस, कधी काही आठवडे, मज्जारज्जू धक्क्यात असतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी कोणी ठाम भाकीत केले तर त्यावर फार विसंबू नका. गुदद्वाराजवळ थोडीही जाणीव उरली असेल तर सुधारणेची आशा जास्त. बहुतेक सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत दिसते, नंतरही थोडी होत राहते.

घरी आल्यावर

खरी लढाई इथे आहे, आणि माझ्या मते ती घरातली माणसेच जिंकतात. जिथे कळत नाही तिथे दुखतही नाही, म्हणून जखम कोणाच्या लक्षात येत नाही. दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाचा, नितंबांची बाजू रोज उजेडात तपासा. लाल डाग दाब काढूनही जात नसेल तर त्या भागावर अजिबात भार नको. थंडीत शेकोटीजवळ पाय ठेवू देऊ नका, गरम पाण्याची पिशवी लावू नका. भाजले तरी त्याला समजणार नाही. लघवी तुंबली तर मूत्रपिंडे बिघडतात. दर चार-सहा तासांनी स्वच्छ हातांनी नळी घालून लघवी काढायला परिचारिकेकडून शिकून घ्या, बहुतेकांना जमते. तेल-मालिशने मज्जारज्जू जुळत नाही. तो पैसा गादी, चाकाची खुर्ची आणि व्यायामावर खर्च करा.

अपंगत्व प्रमाणपत्रही लवकर काढा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. सगळ्यांना पदक मिळणार नाही, पण खुर्चीवर बसून दुकान चालवणे, शिवणकाम, शिकवणी नक्की जमते.

इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असलेल्या रुग्णाचे डोके अचानक ठणकले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर त्याला लगेच बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी तुंबली आहे का पाहा. रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो, म्हणून १०८ बोलवा. एकच पाय सुजला किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.